अकराव्या मिनिटाला

"साडेदहा मिनिटं झाली... आता बघा हं," रोहिणी म्हणाली, आणि पडद्यावरची लाल गाडी घाटातल्या वळणावर असतानाच कॉम्प्युटर फटकन बंद पडला. आतली घरघर थांबली. शेजारच्या शेडमधल्या यंत्रमागांचा खडखडाट तेवढा भिंतीतून ऐकू येत राहिला.

"अकरा मिनिटं." तिनं वहीत लिहिलं. "काल अकरा. परवा दहा मिनिटं चाळीस सेकंद. गाणी लावली, पिक्चर लावला तर दिवसभर चालतोय. गेम लावला की अकराव्या मिनिटाला मेला."

मी त्या वहीकडे बघितलंसुद्धा नाही. पेशंटनं आपला रोग स्वतःच ओळखून आणला की डॉक्टरला राग येतो, तसा मला आला होता.

"व्हायरस असणार," मी म्हणालो.

"व्हायरस घड्याळ बघून येतोय व्हय?"

"रोहिणी, हे तुझं काम नाही. मी उद्या दुकानात नेतो."

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि इचलकरंजीत माझं ओंकार कॉम्प्युटर्स नावाचं दुकान होतं. माझ्याजवळ तीन औषधं होती. पहिलं, सगळं पुसून फॉरमॅट मारायचं. दुसरं, रॅमची पट्टी काढून खोडरबरानं घासायची आणि परत बसवायची. तिसरं, गंभीर चेहरा करून व्हायरस आहे असं सांगायचं. शंभरातले नव्वद पेशंट यातच बरे व्हायचे. उरलेल्या दहांना मी मदरबोर्ड गेला असं सांगत असे, आणि ते बिचारे दुखवट्याला आल्यासारखे मान हलवून घरी जात. सारं गाव मला हुशार समजत होतं. मीही गावाच्या मताबाहेर नव्हतो.

रोहिणी ही रामचंद्र उरुणकरांची मुलगी. अण्णा म्हणून त्यांना सगळे ओळखायचे. आधी दुसऱ्याच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. मग हळूहळू स्वतःचे चोवीस माग झाले, पण मागाचा आवाज बदलला की अजूनही जेवता जेवता उठायचे. रोहिणीचा डिप्लोमा झाला तेव्हा त्यांनी तिला माझ्याकडून कॉम्प्युटर घेऊन दिला. तिनं हट्ट करून त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड घालायला लावलं. गेममधली चित्रं भराभर पळवायचं काम हे कार्ड करतं आणि त्याला गार ठेवायला त्याच्यावर एक छोटा पंखा असतो. त्या कार्डाचं नाव मी तिच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं होतं, पण "हो, माहितीये, मागवतो," असं म्हणालो होतो.

वर्षभर सगळं ठीक चाललं. दसरा झाला आणि हे अकरा मिनिटांचं दुखणं सुरू झालं.

एरवी कुणी फार मनावर घेतलं नसतं. पण पुण्यातल्या एका कंपनीला गेम तपासणारी माणसं हवी होती. नवा गेम खेळायचा, कुठं अडतो, कुठं बिघडतो ते शोधून लिहायचं, याचा पगार. त्यासाठी त्यांची परीक्षा येत्या रविवारी होती. सकाळी अकरा ते बारा घरच्याच कॉम्प्युटरवर त्यांचा गेम सलग तासभर खेळायचा आणि सापडलेल्या चुका पाठवायच्या. मध्ये बंद पडला तर नाव बाद. रोहिणीनं आधीच्या फेऱ्या पार केल्या होत्या. अण्णांना आधी वाटलं, पोरीला कुणीतरी फसवतंय. खेळायला पगार देणारा माणूस त्यांनी अख्ख्या आयुष्यात बघितला नव्हता. पण शेवटी ते म्हणाले होते, तासभर मशीन चाललं आणि त्यांनी बोलावलं तर जा.

आणि आता दुसरी गोष्टही सांगून टाकतो, लपवण्यात अर्थ नाही. दिवाळीनंतर रोहिणीसाठी माझा विचार चालला होता. अण्णांनी माझ्या मामांकडे शब्द टाकला होता. रोहिणीला ते ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि आम्ही दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतो. ती मला आवडत होती. पेन तोंडात धरून पडद्याकडे बघायची, तेव्हा फार आवडत होती. आणि पुण्याला गेलेली मुलगी इचलकरंजीतल्या दुकानदाराशी लग्न करायला परत येत नाही, एवढं कळायला कॉम्प्युटरचं ज्ञान लागत नाही.

मंगळवारी मी तिचा कॉम्प्युटर दुकानात आणला. फॉरमॅट मारला, रॅम घासली, दिवसभर भजनं लावून ठेवली. काही झालं नाही. गेम लावून बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही, कारण गेम हा माझ्या मते कॉम्प्युटरचा वापर नव्हताच, गैरवापर होता. बुधवारी सकाळी मी विजयी मुद्रेनं तो परत नेऊन जोडला.

अकराव्या मिनिटाला बंद पडला.

तेवढ्यात अण्णा शेडमधून आत आले. केसांत, भुवयांवर सुताचा भुगा. त्यांनी कॅबिनेटच्या पत्र्यावर तळवा टेकवला. पोराला ताप आलाय का बघतात तसा.

"तापालंय रं हे, प्रमोद."

"अण्णा, कॉम्प्युटर तापतोच. हा काही माग नव्हे."

"तसं न्हवं. माग तापला तर कुठंतरी घासत असतंय न्हाईतर अडकलेलं असतंय. ही आपली जॉबरकी."

मी हसलो. जाणत्या माणसानं अडाण्याच्या बोलण्यावर हसावं तसं हसलो. ते हसू आठवलं की आजही कानशिलं गरम होतात.

"मग तूच सांग," अण्णा खुर्चीवर बसत म्हणाले. "बिघाड मशीनमधी हाय का गेममधी? मशीनमधी असंल तर शनिवारच्या आत नवं बसीव. माझ्या मशीनमुळं पोरीचं नुकसान झालं असं मला नको. आणि गेममधी असंल तर मग तिचं नशीब."

म्हणजे निकाल माझ्यावर होता. मला बिघाड सापडला नव्हता, आणि सापडला नाही असं म्हणायची माझी जीभ तयार नव्हती. नाचता येईना अंगण वाकडं.

"गेममध्ये आहे, अण्णा," मी म्हणालो. "गेमच फार जड आहेत."

"सगळेच गेम?" रोहिणीनं विचारलं. "मी चार लावून बघितले. आणि दसऱ्यापर्यंत हेच गेम हलके होते?"

"हल्ली जड झालेत."

वही मिटून ती म्हणाली, "बरं."

शनिवारी दुपारी तिचा फोन आला. "अण्णा म्हणालेत, एकदा उघडून नीट बघा. उद्या परीक्षा आहे."

मी गेलो तेव्हा तिनं जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून कॅबिनेट त्यावर आडवं ठेवलं होतं. बाजूला स्क्रू ड्रायव्हर आणि बॅटरीही होती. मी येणार म्हणून एवढी तयारी केलेली बघून मला बरं वाटलं.

"तुम्ही बघा, मी चहा टाकते," म्हणून ती आत गेली.

पत्रा काढला, बॅटरी मारली. आणि अण्णांची जॉबरकी आठवली म्हणून म्हणा, किंवा करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून म्हणा, मी ग्राफिक्स कार्डाचा तो छोटा पंखा बोटानं फिरवून बघितला. फिरेना. वाकून बघितलं. पातं आणि कडा यांच्या मधोमध एक तांदळाचा दाणा रुतून बसला होता. लालभडक, कुंकवात भिजवलेला. अक्षता.

तो दाणा कुठून आला ते मला लगेच कळलं.

इचलकरंजीत खंडेनवमीला माग बंद ठेवतात, धुऊनपुसून त्यांची पूजा करतात. त्या वर्षी मी दुकानात तशीच पूजा केली होती, आणि माझं डोकं चालवून त्यात सुधारणाही केली होती. कॉम्प्युटरच्या पत्र्याला काय हळदकुंकू वाहायचं, देवाला आतलं यंत्र दिसलं पाहिजे. म्हणून दुरुस्तीला आलेल्या सगळ्या कॉम्प्युटरचे पत्रे काढून मी ते टेबलावर मांडले होते आणि मंत्र म्हणत ओंजळभर अक्षता वरून उधळल्या होत्या. त्यात रोहिणीचाही कॉम्प्युटर होता. जास्तीची रॅम घालायला आला होता. नंतर फुंकर मारून, ब्रश फिरवून सगळे साफ केले. सगळे म्हणजे, मला वाटलं सगळे.

म्हणजे साधं होतं सगळं. पंखा फिरत नव्हता, कार्ड गार होत नव्हतं. गाण्यांना कार्ड लागत नाही म्हणून गाणी दिवसभर चालत. गेमला लागतं, म्हणून गेम लावला की कार्ड तापत तापत जायचं आणि अकराव्या मिनिटाला जीव टाकायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि कळसाही मीच ठेवलेला.

चिमटा खिशात होता. एक सेकंदाचं काम होतं.

आतून कपबशांचा आवाज येत होता आणि मी चिमटा हातात धरून विचार करत होतो. दाणा काढला तर गेम तासभर चालणार, रोहिणी पुण्याला जाणार. आणि अण्णा विचारणार, काय होतं रं? मग सांगायचं काय? तुमच्या पोरीच्या कॉम्प्युटरचा गळा मी देवाच्या नावानं दाबला होता, आणि नंतर चार दिवस तुम्हालाच अडाणी समजून हसत होतो? सारा गाव हसला असता. दाणा नाही काढला तर काहीच करायचं नव्हतं. काहीच न करण्यात पाप कसलं? मी तर हातही लावला नव्हता. उद्या अकराव्या मिनिटाला जे व्हायचं ते आपोआप झालं असतं. चार दिवस ती रडली असती, मग दिवाळी आली असती. मी तिला सुखात ठेवलं असतं. हे मी अगदी मनापासून ठरवलं, चिमटा खिशात टाकता टाकता.

रोहिणी चहा घेऊन आली तेव्हा मी पत्रा लावत होतो.

"सापडलं काही?"

"काही नाही. आत सगळं स्वच्छ आहे."

"पंखा बघितला? कार्डाचा?"

"बघितला. व्यवस्थित आहे."

"नक्की?"

"आता माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" मी थोडा रागावूनच म्हणालो. खोटं बोलताना राग चटकन येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"तसं नाही," ती म्हणाली. कप माझ्या हातात देऊन ती खाली बसली आणि उरलेले दोन स्क्रू तिनंच पिळून टाकले. "चहा गार होईल. घ्या."

चहा फार चांगला झाला होता. मी तसं म्हणालोही.

रविवारी सकाळी अण्णांचा फोन आला. "साडेधाला ये. तू समोर पाहिजेस."

मी इस्त्रीचा शर्ट घातला. दुःखी चेहरा घरीच आरशात बघून निघालो. वाटेत दोन वाक्यंही जुळवली. एक, "जे होतं ते चांगल्यासाठी." दुसरं, "पुण्यात तरी काय ठेवलंय?"

रोहिणी आंघोळ करून, केस घट्ट बांधून बसली होती. शेजारी वही, दोन पेनं. अण्णा कॉटवर, मी खुर्चीत. बरोबर अकराला गेम सुरू झाला. जंगलात कुणी एक माणूस धावत होता, भिंतींवर चढत होता, आणि ती मध्येच थांबून वहीत लिहीत होती, "पूल ओलांडताना पाय हवेत." मला काही कळत नव्हतं. मी घड्याळ बघत होतो.

नऊ मिनिटं. दहा. मी चेहरा तयार केला. साडेदहा. अकरा.

माणूस धावत होता.

बारा. पंधरा. घड्याळ पुढे असेल म्हणून मी अण्णांच्या घड्याळात बघितलं. वीस. पंचवीस मिनिटांनी मी उठून कॅबिनेटला हात लावला. पत्रा गार होता.

"काय रं, बस की," अण्णा म्हणाले. "तापालंय का?"

"नाही, अण्णा."

"मग बरं हाय."

उरलेली पस्तीस मिनिटं मी कशी काढली ते मला माहीत. दाणा आपोआप पडला असेल? देवानं काढला असेल? चोराच्या मनात चांदणं. रोहिणीकडे बघितलं तर ती एकाग्र होऊन खेळत होती, फक्त अधूनमधून तिची नजर पडद्यावरून माझ्याकडे यायची आणि लगेच परत जायची. मला वाटलं, आभार मानतेय. बाराला दोन मिनिटं असताना तिनं सतरा चुकांची यादी पाठवून दिली आणि खुर्ची मागं सारली.

अण्णांनी खाकरून घसा साफ केला.

"झालं बाबा. चाललं की तासभर. प्रमोद, काल तू उघडून बसला होतास म्हणं. त्याआधी चालत न्हवतं, त्यानंतर चाललं. मग काल सापडलं काय तुला?"

साधाच प्रश्न होता. अण्णा साध्या आवाजात विचारत होते, पण भुवया खाली ओढून माझ्याकडे टक लावून बघत होते. रोहिणीनं पेनाचं टोपण लावायला घेतलं होतं, ते तसंच हातात राहिलं.

खरं सांगतो, शब्द ओठांपर्यंत आले होते. अण्णा, चूक माझी होती, एवढंच म्हणायचं होतं. पण आयतं चालून आलेलं श्रेय समोर दिसत होतं, आणि मी हुशार माणूस होतो.

"सापडलं असं नाही, अण्णा," मी म्हणालो. "एक सेटिंग होतं आतलं. बारीक असतं ते, सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ते मी काल ॲडजस्ट केलं."

टोपणाचा टक् असा आवाज आला.

"असं व्हय," अण्णा म्हणाले. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले. "चांगलं केलंस. चला, शेडमधी बघतो. सतरा नंबरचा माग कुरकुरालाय." दारात थांबून ते रोहिणीला म्हणाले, "त्यांचं बोलावणं आलं की सांग. पुण्याला सोडायला मी येतो."

ते गेले. मीही चपला घातल्या. रोहिणी मला सोडायला जिना उतरून खालपर्यंत आली. मला विचारायचं होतं, दाणा कुठं गेला? पण दाणा होता हेच मला माहीत नसायला हवं होतं. असा चमत्कारिक अडकलो होतो.

"बुधवारीच सापडला होता," तीच म्हणाली.

"काय?"

"अक्षतेचा दाणा. तुम्ही गेम जड झालेत म्हणून निघून गेलात, तेव्हा मी उघडून बघितलं. काढून गेम लावला. संध्याकाळपर्यंत चालला."

मी जिन्याचा कठडा धरला. "मग काल... काल तर होता तो."

"मीच परत बसवला. भुवयांच्या चिमट्यानं. तुम्ही गेल्यावर उघडून बघितलं तर तो तसाच होता, मग काढून टाकला."

तिच्या आवाजात राग नव्हता. वहीतल्या नोंदी वाचून दाखवाव्यात तसं ती सांगत होती.

"शुक्रवारी अण्णांनी मला विचारलं, प्रमोदला नाही म्हणायला तुझ्याकडे कारण काय? पुणं हे कारण नव्हे म्हणाले, माणसात खोट असेल तर सांग. आणि माझ्याकडे कारण नव्हतं हो. तुम्ही दिसायला बरे. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. दुकान स्वतःचं. गेमचं कळत नाही, पण ते काय, शिकला असतात. म्हणून मी म्हटलं, शनिवारपर्यंत मला एकही खोट सापडली नाही तर मी पुण्याचं नाव काढणार नाही. परीक्षासुद्धा देणार नाही. हो म्हणते."

"अण्णांना माहीत आहे हे?"

"काल संध्याकाळी सांगितलं. त्यांचा विश्वासच बसेना. म्हणाले, पोरगं चांगल्या घरचं हाय, तुझ्यापुढं घाबरलं असंल. उद्या मी सोता विचारतो. माझ्यापुढं खरं बोललं तर तुझं कारण रद्द, परीक्षा पास झालीस तरी पुणं रद्द." ती थांबली. "म्हणून तुम्हाला बोलावलं होतं आज."

वरच्या खिडकीतून तिच्या आईनं हाक मारली. ती "आले" म्हणाली, पण हलली नाही. मी विचारू नये ते विचारलं.

"आणि मी खरं बोललो असतो तर?"

"तर संपलंच की माझं," रोहिणी म्हणाली. "गेमची मला काळजी नव्हती. तो चालणार होता, मला माहीत होतं. तासभर जीव टांगणीला होता तो तुमच्यामुळं. सारखं वाटत होतं, हा माणूस ऐनवेळी खरं बोलतोय की काय."

मग तिनं सुटकेचा मोठा श्वास सोडला आणि मला थँक्यू म्हणाली. टोमणा मारला असता तर मी तो कधीच विसरून गेलो असतो. पण तिनं ते अगदी मनापासून म्हटलं होतं.